रिकाम्या जात्याची घरघर

फार फार पूर्वी, पीठ कुठे विकत मिळत नसे त्या काळातली ही गोष्ट. तेव्हा ज्याला भाकरी खायची असेल त्याच्या घरी जातं असायचं. ज्याच्या घरी नसेल, त्याला सुपात धान्य घेऊन दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागायचं. लहानांनी हे नीट ध्यानात ठेवावं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. मोठ्यांना सांगायची गरज नाही. दुसऱ्याच्या दारात उभं राहणं काय असतं, ते त्यांना ठाऊक असतं.

डोंगराच्या पायथ्याशी पन्नासेक उंबऱ्यांचं एक गाव होतं. तिथे रखमाजी नावाचा विणकर घोंगड्या विणायचा. त्याच्या बायकोचं नाव साळू. त्यांना सहा वर्षांची एक मुलगी होती, बकुळा.

ते घर एके काळी खाऊनपिऊन सुखी होतं. रखमाजीच्या बापाच्या घोंगड्यांना घाटाखालून मागणी यायची. कोणी अडलंनडलं दारात आलं, तर पायलीभर जोंधळे देताना त्या घरानं हात आखडता घेतला नव्हता. साळू सून म्हणून आली, तेव्हा सासूनं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, "ह्या घरातून देणं बाहेर पडतं, मागणं नाही. एवढं सांभाळ म्हणजे झालं." पुढे सासू गेली. तिचे शब्द मात्र साळूच्या मनात घर करून राहिले.

मग एका वर्षी डोंगरावरच्या मेंढरांत रोग शिरला. कळपच्या कळप मेले. लोकर मिळेनाशी झाली आणि रखमाजीचा माग महिन्यातले निम्मे दिवस उगी राहू लागला. साळू मापून शिजवू लागली. कालवणात तेल थेंबाथेंबानं पडायचं. मीठसुद्धा ती चिमटीत धरून आधी बघायची आणि मग टाकायची. तरी घर चालत होतं, आणि बाहेर कोणाला काही कळत नव्हतं. साळूला ह्याचाच मोठा आधार वाटायचा.

माघ महिन्यातल्या एका सकाळी दळून झाल्यावर साळूनं जातं झाडायला घेतलं. वरचा दगड उचलून भिंतीला टेकवताना तिचा हात सटकला. दगड उखळाच्या काठावर आदळला आणि फुटला. दोन तुकडे झाले, एक मोठा आणि एक लहान.

साळू खाली बसली. तिनं आधी काय केलं असेल? तिनं दाराकडे पाहिलं. आवाज कोणी ऐकला तर नाही ना, एवढंच तिला वाटलं.

रखमाजीनं पाथरवटाकडे चौकशी केली. नव्या दगडासाठी तो चार घोंगड्या मागत होता. त्या चार घोंगड्यांवर घराचे चार महिने निघणार होते.

"पावसाळ्याच्या तोंडावर घोंगड्या खपतात," रखमाजी म्हणाला. "तेव्हा बघू. तोवर पुतळाकाकीकडून दळून आणत जाऊ."

पुतळा ही गावाच्या टोकाला एकटी राहणारी बाई होती. नवरा नव्हता, मूल नव्हतं. एक शेळी होती आणि एक जातं होतं. ज्यांच्या घरी हात कमी पडत त्यांचं दळण ती दळून द्यायची, आणि पायलीमागे मापटंभर धान्य ठेवून घ्यायची. त्यावरच तिचं पोट होतं.

"आपल्या घरचं दळण डोक्यावर घेऊन मी गावातून जाऊ?" साळू म्हणाली. "उद्या पाणवठ्यावर बायका काय म्हणतील? म्हणतील, गेलं हे घर."

"मग खायचं काय?"

"कण्या. उखळात कांडून शिजवीन मी. कण्याही जोंधळ्याच्याच असतात."

रखमाजी भांडणारा माणूस नव्हता. तो मागावर जाऊन बसला. खरं सांगायचं, तर त्यालाही थोडं बरंच वाटलं. आपण सांगून पाहिलं, हे समाधान त्याला मिळालं होतं आणि लोकांना तोंड द्यायचंही टळलं होतं.

पण एक अडचण होती. तेव्हा पहाट झाली की गावातली जाती एकामागून एक सुरू व्हायची. कोणाचं जातं लागलं, कोणाचं राहिलं, हे बायकांना अंथरुणातूनच कळायचं. एखाद्या घराचं जातं चार दिवस गप्प राहिलं, तर पाचव्या दिवशी कोणीतरी विचारायला यायचंच.

म्हणून साळूनं ते दोन तुकडे एकमेकांना जुळवून काथ्याच्या दोरानं करकचून बांधले आणि खुंट्यावर बसवले. दुसऱ्या दिवशी पहाटे ती जात्यापाशी बसली आणि रिकामंच जातं फिरवू लागली. घरघर सुरू झाली. बरोबर तिनं ओवीही धरली. शेजारपाजारच्यांनी ऐकलं, आणि साळूचं दळण चाललंय असं समजून ते कुशीवर वळले.

बकुळा उठून बसली. आईच्या पुढ्यात सूप नव्हतं, धान्य नव्हतं, जात्याभोवती पीठ नव्हतं.

"आई, तू काय दळतेस?"

साळूनं ओवी थांबवली नाही. नुसती मान हलवून तिनं मुलीला गप्प राहायला सांगितलं. मग न्याहारीच्या वेळी कण्यांची वाटी पुढे ठेवून ती म्हणाली, "कोणी विचारलं काय खाल्लंस, तर भाकरी म्हणायचं. कळलं?"

"बरं," बकुळा म्हणाली. सहा वर्षांच्या पोरीला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. वाटलं ते साळूला. पण तिनं तिकडे लक्ष दिलं नाही.

असे दोन महिने गेले.

चैत्रात गावच्या देवीचा भंडारा असायचा. पाच गावांचे पाहुणे जेवायला यायचे. भाकऱ्यांचं पीठ सगळ्या घरांनी मिळून दळायचं, अशी रीत होती. भंडाऱ्याच्या तीन दिवस आधी देवळाच्या अंगणात जोंधळ्यांची रास पडायची आणि पाटलीणबाई घरटी एक पायली मोजून द्यायच्या. ज्यांना जमत नसे ते आपला वाटा पुतळाला दळायला द्यायचे. त्या वर्षी पुतळाकडे सात घरांचं दळण आलं होतं.

साळूची पाळी आली तेव्हा पाटलीणबाईंनी माप हातात धरून तिच्याकडे पाहिलं.

"साळू, तुझं जातं गावात सगळ्यात आधी लागतं. मी अंथरुणात असते तेव्हा ऐकते. तू दोन पायल्या घे."

बायका कौतुकानं हसल्या. साळूला ते कौतुक गोड लागलं. नाही म्हणायला एवढी चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती. पाटलीणबाई स्वभावानं कडक नव्हत्या. जातं फुटलंय म्हटलं असतं, तर त्यांनी पुढच्या बाईला माप भरून दिलं असतं आणि गोष्ट इथेच संपली असती. पण साळूनं ओटी पसरली आणि दोन पायल्या घेतल्या.

घरी येऊन तिनं दोर सोडला, तुकडे पुन्हा नीट जुळवले, दोर पाण्यात भिजवून पहिल्यापेक्षा घट्ट आवळला आणि दळायला बसली. फुटल्या दगडावर दळायचं म्हणजे काय, ते तिला पहिल्या मुठीतच कळलं. दगड सरळ फिरेना. दोन्ही तुकडे भेगेपाशी एकमेकांवर घासत होते आणि तिथून बारीक चुरा गळत होता. पीठ पडत होतं, पण त्याचा रंग किंचित काळपट होता.

तिनं चिमूटभर पीठ जिभेवर घेतलं. दाताखाली कच लागली.

तिनं सगळं पीठ फडक्यातून चाळलं आणि पुन्हा चव घेतली. कच होतीच. तिनं दुसऱ्यांदा चाळलं. तरी लागली. मग तिनं तिसऱ्यांदा चाळलं, आणि ह्या वेळी मात्र चव घेतली नाही.

"पुतळाकाकीकडे दिलं असतंस," रखमाजी दारातून म्हणाला.

"तिच्या दारात आज बायकांची रांग आहे. त्या रांगेत मी उभी राहू?" साळू त्याच्याकडे न बघता म्हणाली. "पन्नास घरांचं पीठ एकत्र होतं. त्यात एवढंसं कोणाला कळणार आहे."

संध्याकाळी तिनं आपलं पीठ देवळातल्या मोठ्या ढिगात ओतलं. पाटलीणबाईंच्या सुनेनं लगेच वरखाली करून ते सगळ्या पिठात मिसळून टाकलं.

भंडाऱ्याच्या दिवशी पहिली पंगत पाहुण्यांची बसली. भाकरी वाढली, आमटी वाढली, देवीचं नाव घेऊन लोकांनी पहिला घास तोंडात घातला. आणि सगळी पंगत एकदम थबकली. कोणी गालात जीभ फिरवू लागलं, कोणी घास पानाच्या कडेला काढून ठेवला. शेजारच्या गावचे एक म्हातारे गृहस्थ तोंडातून बोटानं काहीतरी काढून निरखत होते. ते हळूच म्हणाले, "पाटील, उरलेत तेवढे दात तरी राहू द्या."

म्हाताऱ्यानं हे रागानं म्हटलं नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. पाहुण्यांनी आमटी पिऊन हात धुतले. पाच गावांचे लोक देवीच्या दारातून अर्धपोटी परत गेले. असं त्या गावात कधी झालं नव्हतं.

पाटलांनी संध्याकाळी सगळ्यांना देवळापुढे बोलावलं.

"कोणाच्या पिठाला कच होती?"

 मग मागून एक बाई म्हणाली, "पुतळाकाकीनं ह्या दळणाच्या आधीच जात्याला टाकी लावून घेतली होती."

टाकी लावणं म्हणजे छिन्नीनं टोचून दगडाला पुन्हा खरखरीतपणा आणणं. टाकी लावलेलं जातं पहिल्यांदा दगडाची पूड सोडतं, हे तेव्हा लहान मुलींनाही ठाऊक असायचं. लोकांनी माना वळवल्या. सात घरांचं दळण, तेही नव्या टाकीच्या जात्यावर. सगळ्यांचा हिशेब जुळला.

पुतळा उभी राहिली. "मी पहिलं शेरभर दळण फेकून दिलं होतं. फेकून, जातं पुसून, मग तुमचं दळण घेतलं. मी आजकालची दळणारी नाही, पाटील. वीस वर्षं झाली."

"फेकायचं थोडं राहिलं असेल," कोणीतरी म्हणालं.

पाटलीणबाईंना हे पटत नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "साळू, तू दोन पायल्या दळल्यास. तुझ्या पिठाला कच होती का?"

साळूनं मान वर केली. तिला समोर पाटलीणबाई दिसत होत्या, त्यांच्या बाजूला पुतळा दिसत होती, आणि पुरुषांत उभा असलेला रखमाजी दिसत होता. तो जमिनीकडे बघत होता.

"नव्हती," साळू म्हणाली.

पाटलांनी कोणाला दंड केला नाही. त्याची गरजही नव्हती. दुसऱ्या दिवसापासून पुतळाच्या दारात एकही सूप गेलं नाही.

मंडळी, इथून पुढचे दिवस साळूला कसे गेले ते सांगणं अवघड आहे. आधी ती लाजत होती ती जातं फुटल्यामुळे. त्या लाजेत ती सावध असायची, हुशारीनं वागायची, आणि कधीकधी आपल्याच हुशारीवर खूशही असायची. आताची लाज वेगळी होती. ही घरात बसलं तरी बरोबर असायची. लोकांनी तोंडावर चांगलं म्हटलं की ती दुप्पट व्हायची. पहाटे साळू अजूनही रिकामं जातं फिरवीत होती, कारण थांबवलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं. पण ओवी आता तिच्या तोंडातून फुटत नव्हती. रखमाजी मागावर पाठ करून बसायचा आणि दिवसदिवस बोलायचा नाही.

वैशाखात एके दुपारी पुतळा साळूच्या दारात आली. तिनं शेळी विकल्याचं साळूनं पाणवठ्यावर ऐकलं होतं. बाई चांगलीच वाळली होती.

"साळू, जरा तुझं जातं बघू दे मला."

साळू उठून दारात आली आणि चौकटीला हात लावून उभी राहिली. "कशाला, काकी?"

"माझ्या दगडात खोट कुठे आहे ते मला उमगत नाही. मी चार वेळा धुतला. उन्हात ठेवून बोटानं चाचपला. काही लागत नाही हाताला. पण एवढे लोक म्हणतात म्हणजे माझंच कुठेतरी चुकलं असणार. तुझं जातं रोज चालतं, त्याच्या पिठाला कच नाही. ते एकदा हातानं बघितलं, तर माझ्या दगडाचं काय बिघडलंय ते कळेल."

"आत्ता नको काकी," साळू म्हणाली. "बकुळा निजलीय आत."

बकुळा अंगणात होती. पुतळाच्या मागे, चार हातांवर, सागरगोटे खेळत बसली होती.

पुतळानं मागे वळून बकुळाकडे पाहिलं, मग साळूकडे पाहिलं.

"बरं," ती म्हणाली, आणि पदर सावरून निघून गेली.

साळू तशीच दारात उभी राहिली. पुतळानं एक वेडावाकडा शब्द उच्चारला असता, तर ती उलटून काहीतरी बोलली असती आणि तिला मोकळं वाटलं असतं. पण तो नुसता 'बरं' तिच्या अंगावर राहिला.

त्यानंतर तीन दिवसांनी बकुळा विहिरीवरून धावत घरी आली.

"आई, पुतळाआजीनं विचारलं, आज काय खाल्लंस. मी सांगितलं, भाकरी."

"मग?"

"मग ती म्हणाली, चतकोर उरली असली तर आईकडून आण. कोणाला सांगू नकोस म्हणाली. दे ना."

साळूनं शिंक्याकडे पाहिलं. शिंक्यात भाकरी नव्हती. माघापासून नव्हती. चतकोर भाकरीसाठी पुतळानं एका लहान पोरीपुढे तोंड उघडलं होतं आणि ती चतकोर ह्या घरात नव्हती, कारण ती होती हे पोरीला शिकवलेलं खोटं होतं.

"दे ना, आई. ती तिथे बसलीय."

साळूनं चुलीवरचं मडकं उतरवलं. त्यात संध्याकाळच्या कण्या होत्या. त्या तिनं एका वाडग्यात काढल्या, वर पदर धरला आणि स्वतः निघाली.

पुतळा विहिरीवरून घरी येऊन उंबऱ्यात बसली होती. साळूला बघून ती ओशाळली. "पोरीनं सांगितलं वाटतं. मी आपलं सहज म्हटलं गं."

"खा, काकी."

पुतळानं वाडगा घेतला. आत पाहून तिनं विचारलं, "कण्या? भाकरी नाही केलीस?"

"आमच्या घरी तीन महिने झाले भाकरी नाही," साळू म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं. दगड कसा फुटला, दोर कसा बांधला, रिकामं जातं कसं फिरवलं, दोन पायल्या का घेतल्या. तिसऱ्यांदा चाळल्यावर चव घेतली नाही, हेही सांगितलं. पुतळा भुकेली होती. ऐकता ऐकता ती घास घेत होती. दोन पायल्यांपाशी आल्यावर तिचा हात थांबला.

तिनं मान वर करून साळूकडे पाहिलं.

"तेव्हा बकुळा निजली नव्हती," ती शेवटी म्हणाली.

"नव्हती."

"मला वाटलं, तूही मला घरात घेत नाहीस." पुतळानं वाडगा खाली ठेवला. "मी पहिलं दळण फेकलं होतं, साळू. मला ते पक्कं आठवत होतं. आणि तरी मी रोज उठून माझा दगड चाचपत होते. माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही. शेळीचं काय, शेळी पुन्हा घेता येते."

साळूनं तिच्या पायांना लावायला हात पुढे केला. पुतळानं पाय मागे घेतले.

"माझ्या पाया पडून काय होणार? मला गावानं टाकलंय. जे माझ्या उंबऱ्यात बसून सांगितलंस, ते देवळापुढे सांग."

दुसऱ्या दिवशी गावचा बाजार होता. उन्हं चढली, देवळाचं अंगण माणसांनी भरलं. साळूनं घरी दोर सोडला, दगडाचा मोठा तुकडा उचलला आणि उंबऱ्यापाशी आली. तो डोक्यावर घ्यायला ती वाकली तेव्हा मागे रखमाजी उभा होता. त्यानं दुसरा तुकडा काखेत घेतला होता.

"तुम्ही कशाला?" साळू म्हणाली.

"तू 'नव्हती' म्हणालीस तेव्हा मीही तिथेच होतो," रखमाजी म्हणाला.

दोघं भर बाजारातून गेली. लोक बाजूला होऊन बघत राहिले. देवळाच्या पायरीवर त्यांनी ते दोन तुकडे ठेवले. पाटील होते, पाटलीणबाई होत्या.  मनात जुळवून आणलेलं सगळं साळू विसरली.

"हे आमचं जातं," ती म्हणाली. "माघात फुटलं. तुम्ही ऐकत होतात ती रिकामी घरघर होती. भंडाऱ्याच्या पिठात कच होती ती माझी. मला ती दाताखाली लागली होती, तरी मी ते पीठ ढिगात ओतलं. पाटलीणबाईंनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. पुतळाकाकीच्या दगडात काही खोट नाही."

 मग एका कोपऱ्यात एक बाई फिसकन हसली. पाटलीणबाई पायऱ्या उतरून आल्या. त्यांनी वाकून फुटक्या दगडावरून हात फिरवला.

"एवढंच होतं?" त्या म्हणाल्या. "अगं, माझं जातं दोनदा फुटलंय. तू सांगितलं असतंस, तर माझ्या ओसरीवर येऊन दळलं असतंस."

साळूला वाटलं होतं, शिव्या बसतील. शिव्या सोसायची तिनं तयारी केली होती. पण आपण जे एवढं जिवापाड झाकलं ते इतकं लहान होतं, हे ऐकायची तिची तयारी नव्हती. तिनं पहिल्यांदाच सगळ्यांसमोर पदर तोंडाला लावला.

पाटील म्हणाले, "दंड मी सांगणार नाही. जिचं नुकसान झालं ती सांगेल."

पुतळा गर्दीत मागे उभी होती. ती पुढे आली नाही, तिथूनच बोलली. "आज जे बाजाराला आले नाहीत, त्यांच्या घरी जाऊन सांगायचं. आणि पाच गावांत जाऊन सांगायचं. माझं नाव तिथवर पोचलंय."

साळू गेली. आधी गावातली राहिलेली घरं, मग एकेक गाव. भर उन्हाचे दिवस होते. प्रत्येक दारात उभं राहून तिनं तेच सांगितलं. काहींनी पाणी दिलं, काहींनी ऐकून दार लोटून घेतलं. तो म्हातारा पाहुणा ऐकून म्हणाला, "बाई, दात माझे शाबूत आहेत. तू त्या दळणारीचं बघ." एका घरी तिला हे सगळं दोनदा सांगावं लागलं, कारण सासूला ऐकू येत नव्हतं.

पुतळाच्या दारात सुपं पुन्हा येऊ लागली. सगळी एकदम नाही आली. काही घरं पाऊस पडल्यावर आली, आणि दोन घरं कधीच आली नाहीत. रखमाजीनं पहिली घोंगडी विकली तेव्हा त्यातून दगड घेतला नाही, शेळी घेतली आणि पुतळाच्या दारात बांधली. पुतळानं ती ठेवून घेतली, पण साळूला पूर्वीसारखं 'ये गं, बैस' म्हणायला तिला फार दिवस लागले.

साळूच्या घरी नवा दगड यायला दोन वर्षं गेली. तोवर दर तिसऱ्या दिवशी ती जोंधळ्यांची पाटी डोक्यावर घेऊन, भर उजेडात, गावाच्या मधोमध असलेल्या रस्त्यानं पुतळाकडे जायची. वाटेत कोणी विचारायचं, "साळू, कुठे निघालीस?"

"दळायला," ती थांबून सांगायची. "आमचं जातं फुटलंय."

पहिल्या पहिल्यांदा हे सांगताना तिचे कान तापायचे. पुढे पुढे तापेनासे झाले. पण पुतळाच्या उंबऱ्यात पाटी उतरवताना तिची मान खाली जायची, ती मात्र शेवटपर्यंत जात राहिली.

तात्पर्य: घरातली वस्तू मोडली म्हणून लाजू नये, ती झाकण्यासाठी दुसऱ्यावर बोल येऊ दिला, तर मात्र लाज वाटलीच पाहिजे.